केवढ्याला असेल, सांगा बघू

मासुयो नागाएदाच्या अंगावरच्या ब्लाउजला कुणी छान म्हटलं, तर ती आभार मानत नसे. डोळे बारीक करायची, ब्लाउजची कड चिमटीत धरायची आणि विचारायची, "केवढ्याला असेल, सांगा बघू." समोरचीने दोन हजार येन म्हणावं, गेलाबाजार दीड हजार तरी म्हणावं, अशी तिची अपेक्षा असे. ओसाकातल्या आमच्या कोमागावाच्या बाजारगल्लीत ही रीत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शेजारणी मुद्दाम चढा आकडा सांगायच्या. मग मासुयो आवाज खाली आणून म्हणायची, "सातशे ऐंशी." कुठल्या दुकानात, कुठल्या ढिगात मिळाला आणि लगेच गेलात तर अजून दोन शिल्लक आहेत, हेही ती सांगून टाकायची.

ओसाकात महाग घेऊन मिरवणाऱ्याला लोक हसतात, आणि स्वस्त घेऊन गप्प बसणाऱ्याला चिकट म्हणतात. मासुयोला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. तिच्या लेखी किंमत ही आपल्या माणसाला सांगायची गोष्ट होती. जिच्याशी पटत नाही तिला ती फक्त हवापाण्याचं विचारायची.

शनिवारी पेपरातून दुकानांच्या जाहिरातींचे कागद पडत. ते जमिनीवर पसरून ती त्यांच्या मधोमध बसायची आणि आठवडा ठरवायची. टोफू कुठला, सोयाबीनचे मोड कुठले, कुठल्या दुकानात मुळा पाल्यासकट मिळतो. पाला तिळावर परतून त्याची भाजी व्हायची. बेकरीवाला पावाच्या कडा पिशवी भरून जवळजवळ फुकट द्यायचा, त्या तळून वर साखर भुरभुरली की घरचा खाऊ तयार. संध्याकाळी सुपरमार्केटात उरलेल्या माशांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लावायला माणूस यायचा. त्याच्या मागे धावणाऱ्या बायका मासुयोला अजिबात आवडत नसत. ती आपली समोरच्या फळीशी उभी राहून सुपात घालायच्या मिसोचे डबे निरखत बसायची, जन्मात मिसो पाहिला नसावा अशी. आणि चिठ्ठी लागल्याबरोबर हवा तो मासा तिच्या टोपलीत असायचा.

तिचा एकुलता एक मुलगा नोबुकी. त्याच्या लहानपणातली सगळ्यात पक्की आठवण अंड्यांची आहे. मंगळवारी अंडी स्वस्त, पण एका गिऱ्हाइकाला एकच पाकीट. म्हणून नागाएदा कुटुंब दुकानाच्या दाराशी फुटायचं. मासुयो एका रांगेत, सुट्टी असली तर तिचा नवरा तेत्सुजी दुसऱ्या, आणि आठ वर्षांचा नोबुकी मुठीत नाणी घेऊन तिसऱ्या. दुकानात मला आई म्हणायचं नाही, अशी त्याला ताकीद असे. तो इतक्या इमानाने परका व्हायचा की एकदा आईच्या हातून पाकीट पडता पडता वाचलं, तरी त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. गल्ल्यावरच्या बाईला सगळं माहीत होतं. ती नोबुकीला सुटे परत देताना हळूच म्हणायची, "पुढच्या रांगेतल्या त्या अनोळखी काकूंना माझा नमस्कार सांग हं."

तेत्सुजी ट्रामच्या डेपोत दुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्या पगारात मुलाला टोकियोच्या कॉलेजात पाठवणं बसत नव्हतं. ते मासुयोने बसवलं. कसं, ते कुणी विचारलं नाही आणि इतर सगळ्याचा भाव सांगणाऱ्या तिनेही ते कधी सांगितलं नाही.

टोकियोत नोबुकीला नोकरी लागली. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या एकीने त्याच्या कोटाची तारीफ केली. तो खुलला, कॉलर चिमटीत धरली आणि म्हणाला, केवढ्याला असेल, सांगा बघू. कुणी आकडा सांगेना. त्यानेच सांगितला, नऊशे ऐंशी येन, बाही जराशी उसवली होती म्हणून. सगळे गोड हसले आणि आपापल्या टेबलाकडे वळले. दुपारभर कुणी त्याच्या कोटाकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून नोबुकीने किंमत सांगणं सोडलं, आणि हळूहळू आईबद्दल सांगणंही सोडलं.

मग त्याला आकिहो भेटली. सेगावा घराण्यातली, शांत, नीटस, आणि हसली की नाकावर आठी पडणारी. लग्नाचं ठरत आलं. दोन्ही घरांनी एकमेकांना भेटायची वेळ आली तेव्हा नोबुकीने हॉटेल सुचवलं. आकिहोचे वडील म्हणाले की हॉटेलात सगळेच शहाण्यासारखे वागतात, आपण घरीच जाऊ, मुलगी कुठल्या माणसांत जातेय ते तरी कळेल.

भेटीच्या आधीच्या रविवारी नोबुकीने आईला फोन केला. मेनू विचारला, रेल्वेच्या वेळा सांगितल्या, आणि मग अडखळत मुद्द्यावर आला.

"आई, एक सांगू? त्यांच्यासमोर किमती काढू नकोस."

"कसल्या किमती?"

"कसल्याच. ब्लाउजची, ताटांची, पडद्यांची. त्यांच्याकडे असं बोलत नाहीत. हलकं वाटतं."

पलीकडून जाहिरातींचे कागद घडी घालून ठेवल्याचा आवाज आला. मासुयोला वाईट वाटलं होतं हे त्याला कळलं, आणि तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं. पण मग बोलायचं काय?"

हवापाण्याचं बोल, असं तो म्हणाला.

ठरल्या दिवशी सेगावा पती-पत्नी आणि आकिहो साडेअकराला दारात उभे राहिले. सेगावाबाई उंच, सडसडीत, राखाडी किमोनोत. हातात रेशमी कापडात बांधलेली मिठाई. तेत्सुजीने नवं जाकीट घातलं होतं आणि त्यात तो पाहुण्याइतकाच अवघडला होता. बैठकीच्या खोलीत सगळे गुडघे दुमडून बसले.

सेगावाबाईंनी बसल्या बसल्या चहाच्या पेल्यांचं कौतुक केलं. मासुयोचे डोळे बारीक झाले, ओठ उघडले. नोबुकी खोकला. मासुयोने ओठ मिटले आणि म्हणाली, "हो का."

मग पडद्याच्या रंगाचं कौतुक झालं. पुन्हा खोकला, पुन्हा हो का. मग ब्लाउजचं झालं. ह्या खेपेला मासुयोचा हात कडेपर्यंत गेलासुद्धा, पण तिने तो मांडीवर आणून दुसऱ्या हाताखाली दाबून धरला आणि यंदा थंडी लवकर पडली असं सांगितलं. सेगावाबाई म्हणाल्या, खरंच. त्यानंतर त्यांनी कशाचंच कौतुक केलं नाही.

जेवण आलं. लाल भात, सूप, भाज्या, आणि मधोमध मिठात भाजलेला ताई नावाचा अख्खा मासा, शेपूट वर वळवलेला, शुभकार्याला असतो तसा. इतका मोठा की त्याचं डोकं ताटाबाहेर आलं होतं. मासुयो सगळ्यांना वाढत होती, पण तोंडातून अवाक्षर नाही. तेत्सुजी एरवीही बोलणारा नव्हता, घरातलं बोलायचं खातं बायकोकडे होतं. खोलीत फक्त चॉपस्टिक्सचा आवाज होत होता. नोबुकी ट्रामबद्दल बोलला, मग कंपनीबद्दल, मग पुन्हा ट्रामबद्दल.

आकिहो रिकामी भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली ती परत येईना. नोबुकी बघायला गेला. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि बाहीने डोळे पुसत होती.

"त्यांना मी आवडले नाही," ती म्हणाली.

"छे, काहीतरीच काय."

"तूच म्हणाला होतास ना, आई खूप बोलते, तिला गप्प बसवणं मुश्कील असतं. माझ्याशी त्या हवामानाचं बोलल्या. दोनदा."

नोबुकी काही म्हणणार तेवढ्यात बैठकीतून सेगावांचा आवाज आला. ते अत्यंत अदबीने सांगत होते की आम्ही जरा आधीची गाडी पकडावी म्हणतो. त्यांच्या पत्नीने त्याहून अदबीने जोडलं, "आमच्या मुलीत काही कमी वाटत असेल तर आम्हाला स्पष्ट सांगितलंत तरी चालेल, मासुयो-सान. आम्ही वाईट वाटून घेणार नाही." म्हणजे लग्न मोडल्यातच जमा होतं, आणि मासुयो काय करत होती? मान खाली घालून बसली होती. मुलाला दिलेला शब्द पाळत होती.

नोबुकी खोलीत आला आणि पाहुण्यांसमोर बसला. कान लाल झाले होते.

"सेगावा-सान," तो आकिहोच्या आईला म्हणाला, "मघाशी तुम्ही आईच्या ब्लाउजला छान म्हणालात. तो केवढ्याला असेल, सांगा बघू."

तेत्सुजीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"आमच्याकडे असं विचारतात," नोबुकी म्हणाला. "आई प्रत्येकाला विचारते. आज मीच तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. मला लाज वाटत होती. तुमची नव्हे, तिची. चूक माझी आहे, आकिहोचा काही संबंध नाही."

मासुयोने मान वर केली. मुलाकडे पाहिलं, मग विहिणीकडे.

"सांगू मी?" तिने विचारलं.

"थांबा," सेगावा म्हणाले. त्यांनी जाडजूड चष्मा वर सरकवून ब्लाउज निरखला आणि परीक्षेला बसल्यासारखं उत्तर दिलं, "चार हजार."

मासुयोच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघायला अख्खी गल्ली हजर हवी होती. "सातशे ऐंशी," ती म्हणाली, आणि मग धरण फुटलं. पेले पाच मिळून पाचशे, कारण एकाच्या बुडाला बारीक चीर आहे, तो मी स्वतःकडे ठेवलाय, घाबरू नका. पडदा म्हणजे दुकानात उरलेलं शेवटचं कापड, ते जोडलंय कुठे ते शोधून दाखवा. सेगावांना सापडेना. जाकिटाच्या वेळी तर तेत्सुजी स्वतःहून उठून पाठ दाखवत गोल फिरला. सेगावा प्रत्येक वेळी चुकत होते आणि प्रत्येक वेळी जास्तच पुढे सरकून बसत होते. दुमडलेले पाय त्यांनी कधीच मोकळे केले होते.

शेवटी सेगावाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मासुयोच्या कानाशी वाकल्या. "हा किमोनो," त्या कुजबुजल्या, "माझ्या बहिणीचा आहे. फुकट."

"मग तुम्हीच जिंकलात," मासुयो म्हणाली. "फुकटाच्या खाली मला उतरता येत नाही."

आधीच्या गाडीचा विषय कुणी काढला नाही. आकिहो आता मासुयोच्या शेजारी सरकून बसली होती. तिने माशाच्या गालाचा तुकडा उचलला, तोंडात टाकला, आणि नाकावर आठी घालून हसली.

"आणि हा मासा, आई? हा केवढ्याला?"

त्या घरात तिने आई हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. सेगावांनी आठ हजार म्हटलं. तेत्सुजीने मनातल्या मनात निम्म्याची चिठ्ठी लावून दीड हजार म्हटलं, आणि नोबुकीलाही वाटलं की आता आई अशी काही किंमत सांगणार की पाहुणे उडतील.

"माहीत नाही," मासुयो म्हणाली.

"असं कसं?" तेत्सुजीने विचारलं.

"विचारलंच नाही." ती ताटाकडे बघत होती, चोरी पकडली गेल्यासारखी. "सकाळी बाजार उघडल्या उघडल्या गेले. म्हटलं, सगळ्यात चांगला द्या. दहा हजारांची नोट दिली आणि सुटे न मोजता पाकिटात टाकले. तो मासळीवाला मला विचारतो, बाई, बरं वाटत नाहीये का." मग तिने आकिहोच्या वाटीत माशाचा दुसरा गाल ठेवला. "सुनेला पहिल्यांदा वाढायचं, त्यात भाव काय करायचा."

सेगावा पती-पत्नी हसले. त्यांना ती गंमत वाटली. आकिहोही हसली. तेत्सुजी मात्र चौतीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे बघत राहिला.

नोबुकी चहा आणतो म्हणून उठला. स्वयंपाकघरात गेल्यावर त्याला रडू आवरेना. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने नळ पूर्ण सोडला आणि ओट्याला धरून उभा राहिला.

"नोबुकी," बाहेरून आईचा आवाज आला, "नळ बंद कर. पाणी काय फुकट येतं?"