ओली चटई

रविवारी सकाळी सोसायटीच्या गच्चीवर आम्ही चौदा जण होतो. आमच्या योगवर्गात शवासनानंतर आपली चटई आपण गुंडाळत नाही. शेजाऱ्याने आपली गुंडाळायची आणि आपण त्याची.

त्या दिवशी शवासनातच लघवीचा वास आला. ऐंशीच्या घरातले दामलेकाका उठेनात. त्यांची चटई ओली झाली होती. मला मळमळलं. तेवढ्यात नव्याने आलेले एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "शी! अशांना घरीच बसवा हो!" मग मला वासापेक्षा त्या इस्त्रीच्या रुमालाची जास्त किळस आली. शुचिता म्हणजे माणूस दूर ठेवणं, असं समजणारे लोक पाहिले की अजूनही मला तो रुमाल आठवतो.

शेजारच्या सुनंदाताईंनी काकांना हात देऊन उठवलं, चटई रोजच्यासारखी गुंडाळली आणि नळाखाली धरली.

"उद्यापासून मी येत नाही," काका पुटपुटले.

"वा! आणि माझी कोण गुंडाळणार? ती बघा, पसरलीय अजून."

काका ओल्या लेंग्यानिशी वाकले आणि कडा जुळवत सुनंदाताईंची चटई गुंडाळू लागले. त्यांना बराच वेळ लागला. रुमालवाले उतरून गेले होते. बाकी कोणीही काकांचं होईपर्यंत जागचं हललं नाही.