थोडं म्हणजे किती?

मांजराच्या पिल्लाला बाथरूममध्ये क्वारंटाइन करणारा भोपाळमधला पहिला माणूस बहुधा मीच. ठिपकीला जुलाब होत होते म्हणून नीताने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला दवाखान्यात नेलं. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. त्यातला एकच शब्द मला ओळखीचा वाटला, कोरोना. त्याच्यापुढे पॉझिटिव्ह. मी मंडीदीपच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. कागद सहीपुरताच वाचायची सवय. घरी आलो, जुना मास्क शोधून चढवला, पिल्लाला टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. मग पुण्याला शिकणाऱ्या लेकीला फोन करून गंभीर आवाजात सांगितलं, "सई, इतक्यात घरी येऊ नकोस."

नीता भाजी घेऊन परतली, मास्कमधला नवरा बघितला, बाथरूममधलं म्याव ऐकलं आणि थेट जिन्यातून खाली हाक मारली, "मॅडम, जरा वर येता?"

ठोसर मॅडम आमच्या घरमालकीण. साकेत नगरातल्या त्या घरात खाली त्या, वर आम्ही. मूळच्या नागपूरच्या, पशुपालन खात्यात डॉक्टर म्हणून जन्म गेला, आता निवृत्त. उंच, काटक, सुती साडी आणि मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. गुडघ्यांमुळे जिना चढायच्या नाहीत, त्या दिवशी चढल्या.

"काय करून राहिले, जोगळेकर?"

"आयसोलेशन."

"कोणाचं? तिचं का तुमचं?" त्यांनी कडी काढली, थरथरणारं पिल्लू पदरात घेतलं. "अहो बाप्पा, हा मांजरांचा कोरोना. वेगळा असतो. चार मांजरं जिथे राहतात तिथे असतोच. माणसाच्या वाटेला जात नाही."

"पण पॉझिटिव्ह आहे."

"अँटीबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे आमच्या खात्याच्या भाषेत, नोटशीट चली है, बस. फाइलवर शेरा पडला. शरीराने दखल घेतली, एवढंच त्यातून कळतं. काम झालं का बिघडलं, ते फाइलीत नाही दिसत, फील्डवर जाऊन बघा लागते. आणि असं अंधारात कोंडलं की जीव घाबरतो, होती ती ताकदही जाते. तिने व्हायरसशी लढायचं का तुमच्याशी?"

मी पडेल आवाजात म्हणालो, "सकाळपासून थोडी सुस्त होती."

"थोडी म्हणजे किती?"

हा त्यांचा कायमचा प्रश्न. प्लंबर म्हणाला, थोडं पाणी झिरपतंय. थोडं म्हणजे किती, भैया? नीता म्हणाली, थोडं डोकं दुखतंय. थोडं म्हणजे किती? मी एकदा सहज म्हणालो, तुमच्या वांग्याच्या भाजीत तिखट थोडं जास्त झालंय. उत्तर देता देता मला घाम फुटला. ‘ठीक आहे’ या दोन शब्दांवर त्यांचा विश्वासच नव्हता. "ठीक म्हणणारी जनावरं मी बघितली नाहीत," त्या म्हणायच्या, "म्हणून मला मोजायची सवय."

ठिपकी आणि तिचा भाऊ मुन्ना यांना त्यांची आई आमच्या जिन्याखाली सोडून गेली होती. मुन्ना मॅडमनी ठेवला. ठिपकीला नीताने वर आणलं. सई पुण्याला गेल्यापासून नीता चुकून तीन ताटं वाढायची आणि तिसरं मुकाट्याने उचलायची. ठिपकी आल्यावर ते थांबलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "मॅडम, वाचेल ना?"

"बहुतेक पिल्लं यातून निघून जातात. थोडी नाही निघत."

मला राहवलं नाही. "थोडी म्हणजे किती?"

मॅडम हसल्या नाहीत. "किती, ते सांगता येते. कोणती, ते नाही सांगता येत." मग ठिपकीच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "एखाद्या पिल्लाच्या अंगात हा व्हायरस रूप बदलतो. शरीराचे जे शिपाई त्याला पकडायला जातात, त्यांच्याच खांद्यावर बसून गावभर फिरतो. मग शिपाई जितके जास्त धावतील तितकी नासधूस. वजन करत राहू. वाढतं पिल्लू खोटं बोलत नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी वजन. वर नीताचा स्वयंपाकघरातला काटा, त्यावर लाडवांचा स्टीलचा डबा, डब्यात ठिपकी. खाली मॅडमचा काटा आणि मुन्ना. मग खालचं दार उघडायचं आणि हाक यायची, "वाढलं का?" मी कठड्यावरून वाकून ओरडायचो, "वाढलं!" लगेच खालून, "किती?" आकडा ऐकल्याशिवाय त्या दार लावून घेत नसत.

एका रविवारी हाक आली नाही. मुन्नाचं पोट फुगलं होतं. मॅडमनी सुईने थोडं पाणी काढून उजेडात धरलं. पिवळं, चिकट. व्हायरसने रूप बदललं होतं, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. आता यावर औषध निघालंय. त्यांनी ते मुंबईहून मागवलं. ते पोचलं त्याच्या आदल्या दिवशी मुन्ना गेला.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. ‘ठीक आहात ना’ असं विचारायचं टाळलं. आयुष्यात केलेल्या मोजक्या शहाणपणांपैकी ते एक. त्याच म्हणाल्या, "एकाच आईची, एकाच दुधाची पोरं. कोरोनाच्या साली आम्हीही दोघं नवरा-बायको एकाच खोलीत होतो, बरोबरच ताप आला. मी आठवड्याने पोळ्या लाटत होते. साहेब दवाखान्यातून परत नाही आले. लोक म्हणतात, तुम्ही तर डॉक्टर. का तो गेला अन् मी राहिले, हे मला कुठे मोजता आलं?" आणि मनगटावरचं घड्याळ त्यांनी नुसतंच वर सरकवलं.

त्या आठवड्यात ठिपकीचंही वजन वाढलं नाही. खालून विचारलं गेलं, मी आकडा सांगितला, दार लागलं. आठवडाभर नीता मांजराच्या पोटाला हात लावून बघत होती आणि मी तिच्याकडे. पुढच्या रविवारी काट्यावरचा आकडा बघून मी कठड्याकडे धावलो, चप्पल घसरली, दोन पायऱ्या बसूनच उतरलो. तिथूनच ओरडलो, "वाढलं!"

"किती?"

"पस्तीस ग्रॅम!"

खालचं दार उघडंच राहिलं. मग कठडा धरून, एकेक पायरी करत मॅडम वर येताना दिसल्या. मला ओलांडून गेल्या, मला लागलंय का हे विचारलंही नाही. त्यांना काटा स्वतः बघायचा होता.

ठिपकी त्यातून निघाली. आज ती त्या डब्यात मावत नाही. चार पाय आत, बाकी सगळी बाहेर.

मॅडम गेल्या हिवाळ्यात गेल्या. जेमतेम दोन दिवस दवाखान्यात. मी भेटायला गेलो आणि सवयीने म्हणालो, "आज थोडं बरं दिसतंय." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नुसतं बघितलं. प्रश्न विचारायची ताकद नव्हती, पण तो मला ऐकू आला. नागपूरहून त्यांची मुलगी आली, सगळं आवरलं, खालच्या दाराला कुलूप लावलं आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही राहा, घर उघडं राहिलेलं आईला आवडेल."

परवा रविवारी मी ठिपकीला काट्यावर ठेवलं. काही कारण नव्हतं. आकडा बघितला आणि पाय आपसूक कठड्याकडे गेले. वाकून ओरडलो, "वाढलं हो!" खाली कुलूप. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारे शेजारी थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी कठड्यावरची धूळ बोटाने पुसल्यासारखं केलं आणि आत आलो.

नीता कोथिंबीर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नुसतं वाढलं काय सांगता? किती, ते सांगा. त्याशिवाय त्या दार लावून घ्यायच्या नाहीत."