बॅटरीचाचांचा गाल

औंढ्याच्या बसस्टँडसमोर एक माणूस दिवसभर बॅटऱ्या गालाला लावून बसलेला असायचा. नागनाथाच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याची दाढ ठणकतेय. आम्हाला ठाऊक होतं, हे बॅटरीचाचा. बॅटरीचा ताप बघत आहेत. पेटवलेली बॅटरी गालाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, "हिला ताप हाय. डोक्यात हाय, पोटात न्हाई." म्हणजे दिव्यापाशी बिघाड आहे, सेल ठणठणीत आहे.

आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि तिच्या पोटात जातो तो सेल. हे मी जन्मापासून ऐकलेलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सरांनी बॅटरीची आकृती काढायला सांगितली, तेव्हा मी बटणासकट, काचेसकट, मागच्या दोरीसकट सुंदर टॉर्च काढला. वर्ग आठवडाभर हसत होता. सुट्टीत गावी आल्यावर मी चाचांना हे रडवेल्या आवाजात सांगितलं. ते न हसता म्हणाले, "तुमच्या कॉलेजात पोटातल्या लेकराला आई म्हणत्यात का?" त्या दिवसापासून नांदेडच्या कॉलेजची मला वाटणारी भीती निम्म्यानं कमी झाली.

"चाचा, गालच काहून?" हे त्यांना प्रत्येक जण विचारायचा आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. शाळेच्या हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं, "हात मेहनत करतो, थकला की खोटं बोलतो. गाल बसून खातो, त्याला खोटं बोलायची गरज न्हाई." शेजारच्या मोबाइलवाल्याला सांगितलं, "आत एफएम लागतं." तो दोन दिवस बॅटऱ्या कानाला लावून बघत होता म्हणे. मी विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, "तू इंजिनेर झालीस की सांगीन. तवर विचारू नको."

आमची त्यांची ओळख झाली ती दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या बॅटरीमुळे. आमची जमीन सिद्धेश्वरच्या कालव्यावर. मोटारीला वीज रात्रीची, त्यामुळे बॅटरीशिवाय शेतकऱ्याचं पान हलत नाही. दादांनी आठवडी बाजारातून चार्जिंगची नवी बॅटरी आणली. मुठीत मावेल एवढीशी, पण उजेड असा की पलीकडच्या बांधावरचं डुक्कर दिसावं. फक्त ती फार तापायची. दादा म्हणाले, हाताला चटका बसतो. माझ्या मायनं त्यावर उपाय काढला. तिनं लाल-हिरव्या लोकरीचं एक छान कव्हर विणलं आणि बॅटरीला घातलं. चटका थांबला. चौथ्या दिवशी बॅटरी निळसर मिणमिणायला लागली.

चाचांनी ते कव्हर उलटसुलट करून पाहिलं. वीण नीट तपासली.

"भाऊ, हे कोणी विणलं?"

"आमच्या घरून."

"हात चांगला हाय वहिनीचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तापानं फणफणलेल्या लेकराला तू काय घालशील? स्वेटर?"

दादा खाली बघायला लागले. चाचांनी बॅटरी उघडली, दिवा बदलला, आणि तिचं अंग दाखवत समजावलं. "हिचं हे लोखंडी अंग दिसतं ना, ते लोखंड न्हाई, हलकं हाय. डोक्यातला ताप ह्या अंगानं बाहेर पडतो. अंग गरम झालं म्हंजे बॅटरी घाम गाळून राहिली. घामाला तुम्ही गोधडी पांघरली. चटका बसला तर उजेड कमी करा, दम लागलेल्या बैलाला थोडं हळू चालू द्या. फुल, फुल, फुल काय करता?" कव्हर त्यांनी परत दिलंच नाही. समोरच्या चहाच्या ग्लासला घातलं. बरोबर बसलं. "ह्याला गरमच राहायला पाहिजे," म्हणाले. पुढे सगळा औंढा त्यांना स्वेटरवाल्या ग्लासातून चहा पिताना बघत राहिला आणि ते प्रत्येकाला सांगत राहिले की हे सिद्धेश्वरच्या एका भाऊंनी बॅटरीसाठी विणून आणलं होतं. दादांनी त्यानंतर वर्षभर त्या रस्त्यानं जाणं टाळलं.

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. होती बशी. दुरुस्त केलेली बॅटरी फुल पेटवायची आणि त्याच क्षणी चहा बशीत ओतायचा. चहा पिण्याजोगा होईपर्यंत बॅटरीचं अंग सगळीकडे सारखं कोमट व्हायला हवं, आणि उजेड पहिल्यासारखा राहायला हवा. लवकर तापली तरी नापास, थंड राहिली तरी नापास. चहा अर्थातच गिऱ्हाइकानं सांगायचा. रमजानमध्ये नियम बदलायचा. "रोज्यात चहा तुमी प्या, गाल माझा वापरू."

मी शेवटच्या वर्षाला आले तेव्हा आमच्या तिघींच्या गटाला प्रोजेक्ट मिळाला तो असा: शेतकऱ्यासाठी लहान, चार्जिंगची, न तापणारी बॅटरी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पुण्याच्या एका कंपनीनं मला निवडलं होतं, पण अट अशी की त्याच उन्हाळ्यात पास व्हायचं. आदल्या वर्षी एका गटाचा प्रोजेक्ट परीक्षकांनी नाकारला होता आणि ती मुलं सहा महिने घरी बसली होती. दादांनी तर गावात सांगूनही टाकलं होतं की पोरगी पुण्याला चालली. आणि आमची बॅटरी पाच मिनिटांत मंदावत होती.

तोंडी परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा मी ती पिशवीत घालून औंढ्याला आले. चाचांनी तिचं डोकं उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"एवढं श्रीखंड कोणी वाढलं?"

दिव्याखाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट असते. ती मी थापली होती. मी पुस्तकाच्या आधारानं वाद घातला: पेस्ट उष्णता नेते, म्हणून पेस्ट जास्त तर उष्णता जास्त जाणार. चाचा म्हणाले, "बराबर. तू शिकलेली हायेस." मग त्यांनी दुकानातली तेवढ्याच उजेडाची दुसरी बॅटरी घेतली, तिच्यात पेस्टचा नुसता हात फिरवला, दोन्ही पेटवल्या आणि माझ्या दोन गालांना लावायला दिल्या. बशीत चहा ओतला. भर दुपारी, बसस्टँडसमोर, दोन्ही गालांना बॅटऱ्या लावून मी बसले. आमच्या गावची एसटी आली, तिच्यातून निम्मं गाव उतरलं, आणि चाचांनी प्रत्येकाला माझी ओळख करून दिली. "पुण्याला चाललेल्या इंजिनेरबाई."

चहा निवला. "कोणती बरी?"

"माझी," मी जिंकल्याच्या थाटात म्हणाले. "ही थंड आहे. तुमची गरम झालीय."

"आता भिताडाकडं बघ."

त्यांच्या बॅटरीचा उजेड भिंतीवर पांढराशुभ्र होता. माझा निळसर, निम्मा झालेला.

"ताप आत दाबला की अंग थंड लागतं बेटा. तू जिला बरी म्हणून राहिली ती आत मरून राहिली. पेस्ट म्हंजे हळद. नवरदेवाला लावायची, भिताड लिंपायचं न्हाई. दोन धातूंच्या मधी बारीक खड्डे असत्यात, तेवढेच भरायचे. बाकीचं काम धातूचं."

आणि धातूचीच आमच्याकडे कमी होती. दिव्याखाली आम्ही प्लास्टिकची रिंग बसवली होती, दिसायला छान म्हणून. चाचांनी टेबलाखालून एक तळ गेलेलं जर्मनचं पातेलं काढलं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आमच्याकडे जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. त्या पातेल्यातून त्यांनी रुपयाएवढी जाड चकती कापली, घासून गुळगुळीत केली. कापताना त्यांच्या बोटातून रक्त आलं. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. "हां, आलं की," म्हणाले आणि कागद गुंडाळून काम पुढे चालू केलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक फार गंभीर होते. माझ्या दोन मैत्रिणींनी आकडे, आलेख सगळं नीट सांगितलं. मग परीक्षकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "दिव्याखालची ही चकती कशाची?"

भीतीनं माझ्या तोंडून गावच बाहेर पडलं. "जर्मनची आहे सर."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. "जर्मन? मागवली का?" त्यांनी चकतीकडे नव्या आदरानं बघितलं. मागे उभ्या असलेल्या आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मला डोळ्यांनी खुणावलं की गप्प राहा. मैत्रिणीनं कोपर मारलं. गप्प राहिले असते तर चांगले मार्क पडले असते हे मलाही दिसत होतं. पण मॅडमच्या खुणेपेक्षा मला ते पातेलं जास्त स्पष्ट दिसत होतं.

"नाही सर. जर्मनच्या पातेल्याची आहे. औंढ्याच्या."

परीक्षक म्हणाले, "ठीक आहे. तापमान मोजून दाखवा." आम्ही कॉलेजचं तापमान मोजायचं यंत्र सुरू केलं. सुरू झालं नाही. त्याचाच सेल संपला होता. मॅडमनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात शिपाई परीक्षकांचा चहा घेऊन आला, कपबशीत.

मला दुसरं काही सुचलं नाही. "सर, चहा बशीत ओतता का? आणि ही गालाला लावा."

त्यांनी का ऐकलं कोण जाणे. बहुधा आश्चर्यानं. आमची बॅटरी फुल पेटवून परीक्षक गालाला लावून बसले. चहा निवला. "कोमट आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही तर न तापणारी म्हणाला होतात."

"ताप बाहेर येतोय म्हणून कोमट आहे सर. न तापणारी अशी बॅटरी नसतेच, शीर्षक आमचं चुकलंय. भिंतीकडे बघा." भिंतीवरचा उजेड पहिल्यासारखाच होता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बशीतला चहा प्यायला, आणि बॅटरी मात्र आणखी थोडा वेळ गालाशीच ठेवली. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला कळलं की आम्ही पास झालो.

निकाल सांगायला मी पेढे घेऊन औंढ्याला गेले. चकतीचा किस्सा ऐकून चाचा ठसका लागेपर्यंत हसले. दुसऱ्या आठवड्यात दुकानावर खडूनं लिहिलेली पाटी लागली: 'जर्मन टेक्नॉलॉजी. येथे ताप उतरवून मिळेल.'

"आता मी इंजिनिअर झाले," पेढे दिले त्याच दिवशी मी म्हणाले होते. "गालच काहून?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोबाइलवाला दुकानात नव्हता. मग दहा बोटं माझ्यापुढे पसरली. टोकं पांढुरकी, चकचकीत, ठशांशिवायची. "अर्धी सोल्डरिंगनं नेली, अर्धी शुगरनं. निखारा ठेवलास तरी कळायचं न्हाई. अंगात शिल्लक ऱ्हायला तो गाल." आणि स्वेटरवाला ग्लास उचलत म्हणाले, "कोणाला सांगू नको. ज्याला चटका कळत न्हाई त्याच्याकडं तापाची बॅटरी कोण आणल?"

मी कोणाला सांगितलं नाही. मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आता सांगते, कारण गिऱ्हाईक तुटायची भीती उरली नाही. त्यांच्या मुलीनं ते लोकरीचं कव्हर धुऊन आमच्या मायकडे पाठवलं, मायनं माझ्याकडे. ते माझ्या ऑफिसच्या टेबलावर असतं, ग्लासला घातलेलं.

कंपनीत मी दिव्यांचंच काम करते. तापमान मोजायला भारी यंत्रं आहेत, त्यांतले सेलही कधी संपत नाहीत. तरी यंत्रानं पास केलेली प्रत्येक बॅटरी मी एकदा गालाला लावतेच. परवा आमच्या साहेबांनी ते पाहिलं. "मॅडम, हे गालाला का?"

मी डोळे मिटलेलेच ठेवले. "आत एफएम लागतं सर."

साहेबांनी दुसरी बॅटरी उचलली, दाराकडे एकदा पाहिलं, आणि हळूच कानाला लावली.