लाल डबीतली सात मिनिटं

दुकानात नवीन वस्तू आली की ती चांगली की वाईट हे मामा स्वतः कधी ठरवत नसत. लोकांना ठरवू देत, आणि मग आपण आधीच ओळखलं होतं असं सांगत. व्हिडिओ लायब्ररी चालवायची तर एवढी चलाखी अंगात लागतेच. दुकान होतं बसथांब्याला लागून, एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची टपरी, आणि मधे हे, बाकावर तिसऱ्या माणसाने अंग चोरून बसावं तसं.

अख्खा रस्ता त्यांना मामा म्हणायचा, कारण त्यांचा भाचा म्हणायचा. थोरली बहीण, अक्का, नवरा गेल्यावर चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन दुकानामागच्या दोन खोल्यांत आली ती तिथलीच झाली. मामांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "लग्न करायचं कधी? शनिवार-रविवार तर धंद्याचे."

परत आलेल्या कॅसेटी मागे फिरवून पहिल्यापासून लावून ठेवायचं काम अक्कांचं. गिऱ्हाईकं मुलखाची आळशी. सिनेमा संपला की कॅसेट तशीच आणून आदळायची. अक्का भाजी निवडता निवडता यंत्राचं बटण दाबून ठेवायच्या आणि पडद्यावर सिनेमा उलटा पळायचा. असे शेकड्याने सिनेमे त्यांनी शेवटाकडून पाहिले. शेजारणी हसायच्या, तर अक्का म्हणायच्या, "मला असंच बरं वाटतं. माझ्या सिनेमात मेलेली माणसं उठून चालायला लागतात."

मामांचा शब्द रस्त्यावर चालायला लागला तो कॅसेटींच्या भांडणात. तेव्हा कॅसेटी दोन तऱ्हेच्या यायच्या, एक मोठी, एक छोटी, आणि एकीचं यंत्र दुसरीला तोंडात घ्यायचं नाही. कुठलं यंत्र घ्यावं कुणाला कळेना. मामांनी दोन्ही ठेवल्या आणि महिनाभर नुसतं बघत बसले. मग एका सकाळी जाहीर केलं, "मोठी घ्या. पूर्ण सिनेमा एकीत मावतो. बसलेला माणूस मधेच उठायला तयार नसतो." आणि झालंही तसंच, छोटी कॅसेट बघता बघता बाजारातून उठली. तेव्हापासून पंखा घ्यायचा तरी लोक मामांना विचारून घ्यायचे. एकाने तर दाढ काढू की ठेवू म्हणून विचारलं. मामा म्हणाले काढ, आणि ती दाढ खरोखर आतून पोखरलेली निघाली. मग काय, मामांचे पाय जमिनीला लागेनात.

भाचा विसाव्या वर्षी तापाने गेला. चार दिवसांचा ताप. त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्या घरात काय बोलायचं ते फक्त कॅसेटी बोलायच्या.

पण भाच्याची एक कॅसेट होती. जायच्या आधीच्या हिवाळ्यात मामांनी समारंभ टिपायला कॅमेरा घेतला होता आणि तो चालतो का बघायला मागच्या अंगणात भाच्यावर धरला होता. पोरगा सायकल उलटी करून चेन बसवतोय. वर बघतो. "मामा, पुरे की आता," म्हणतो. हसतो आणि वंगणाचे हात स्वेटरला पुसतो. स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज येतो, "अरे, स्वेटरला पुसू नकोस." मग तो चाक गरकन फिरवतो. एवढंच. सात मिनिटं. अक्का ती रोज दुपारी लावायच्या, आणि झाली की मागे फिरवून ठेवायच्या. पोराचे हात उलटे पुसले जायचे, स्वेटर स्वच्छ व्हायचा.

रोजच्या त्या फिरवाफिरवीने फीत झिजत चालली. पोराच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा पडायला लागल्या.

तेवढ्यात बाजारात नव्या डिस्क आल्या. साधी डीव्हीडी तोवर जुनी झाली होती. या तिच्याहून कितीतरी स्वच्छ. पण पुन्हा तेच दुखणं: दोन तऱ्हा. एक लाल डबीत यायची, एक निळ्या. दिसायला जुळ्या बहिणी, आणि एकीचा प्लेअर दुसरीला ओळख दाखवत नव्हता. लोक मामांकडे आले. "मामा, लाल का निळी?"

मामा म्हणाले, "चाळीस दिवस द्या."

त्यांनी दुकानाच्या दर्शनी काचेत दोन टीव्ही मांडले, सारखेच. डाव्यावर लाल, उजव्यावर निळी, दोन्हीवर एकच सिनेमा. आणि शाळेतली पाटी घेऊन स्टुलावर बसले. डाव्यासमोर माणूस थांबला की डावीकडे रेघ, उजव्यासमोर थांबला की उजवीकडे. जेवायला उठले तर अक्कांना बसवायचे. चाळीस दिवसांत एक दिवस चुकला नाही. लाल डबीने निळीला तिपटीने मागे टाकलं. मामांनी पाटी दारात टांगली आणि रस्त्याला निकाल सांगितला: लाल.

समोर चष्म्याचं दुकान होतं. तिथल्या चष्मेवाल्यानेही नुकतंच कोपऱ्यात डिस्कचं कपाट मांडलं होतं, निळ्या डब्यांचं. तो म्हणाला, "मामा, मोठ्या सिनेमा कंपन्या निळीकडे चालल्यात म्हणे."

"कंपन्या चालोत. लोक इकडे थांबतात," मामांनी पाटीकडे बोट केलं. "तुमच्या निळ्या डिस्क सांभाळून ठेवा बरं. चहाचा कप ठेवायला बऱ्या."

सगळे हसले. चष्मेवालाही हसला, पण जरा कमीच.

मामांनी लाल डिस्कवर चित्र उतरवणारं यंत्र आणलं आणि पहिल्यांदा उतरवली ती अक्कांची कॅसेट. अक्का शेजारी पाट घेऊन बसल्या होत्या.

"झिजणार नाही ना रे बाळ?"

"हिला काही घासतच नाही अक्का. नुसता उजेड लागतो. रोज शंभर वेळा बघ."

"आणि मागे फिरवायची कशी?"

"फिरवायची नसते. आपोआप पहिल्यापासून लागते."

अक्कांनी जुन्या यंत्राच्या बटणाकडे पाहिलं. "मग मी काय करू?" म्हणाल्या.

आता इथे धंद्याची एक रीत सांगायला हवी. कॅसेटवरचं दुसरीकडे उतरवून झालं की ती मोकळी झाली असं धरून मामा ती काउंटरखालच्या टोपलीत टाकत. समारंभ टिपायचा कॅमेरा अजून जुनाच, कॅसेटवाला. टोपलीतली हाताला येईल ती कॅसेट त्यात घालायची आणि वरून नवं टिपायचं. वीस वर्षांची हाताची सवय. त्या दिवशी भाच्याची कॅसेट यंत्रातून काढली, आणि हात आपला गेला टोपलीकडे. पुढच्याच आठवड्यात बँकेतल्या एका कारकुनाचा निरोप समारंभ होता, तो नेमका त्याच कॅसेटवर टिपला गेला.

हे ध्यानात आलं तेव्हा मामांनी टोपली दोनदा उपसली. पण आतल्या खोलीत लाल डिस्क लख्ख चालत होती, पोरगा रेघांशिवाय हसत होता. मामा म्हणाले, असू दे, डिस्क आहे की. अक्कांना सांगितलं नाही.

लाल डबी दोन वर्षंही टिकली नाही. एका सकाळी पेपरात चार ओळी आल्या: बनवणाऱ्यांनीच हात टेकले. सिनेमे निळ्या डबीत यायला लागले, प्लेअर मिळेनासे झाले. ज्या ज्या घरी मामांच्या शब्दावर लाल प्लेअर गेला होता, तिथली माणसं दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायला लागली. भांडायला कुणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. फक्त पंखा घ्यायला आता कुणी विचारेना. दाढ काढलेला तेवढा यायचा, पण तोही दाढेविषयीच बोलायचा.

चष्मेवाला माणूस सरळ होता. एक दिवस रस्ता ओलांडून आला. "मामा, जे झालं ते झालं. अक्कांची ती डिस्क आणा. माझा एक ओळखीचा आहे, निळीवर उतरवून देईल. तुमचा प्लेअर चालू आहे तोवरच जमेल."

मामांचा जीव तिथे अडला. तो कप ठेवायचा विनोद आठवला. रस्ता ओलांडायचा, सगळ्यांदेखत, हातात लाल डबी घेऊन, समोरच्या दुकानात. बारा पावलांचा रस्ता.

"बघू सवडीने," ते म्हणाले.

"सवडीने म्हणजे?"

"आमचा प्लेअर अजून दहा वर्षं कुरकुरणार नाही."

चष्मेवाल्याने दोनदा आणखी विचारलं. दोनदा मामांनी तेच सांगितलं. मग त्याने विचारणं सोडलं.

प्लेअर तिसऱ्या वर्षी अडखळायला लागला. पोरगा "मामा, पुरे" म्हणून थिजायचा आणि "की आता" मिनिटाभराने यायचं. अक्का तेवढा वेळ श्वास धरून बसायच्या. मग एका दुपारी नुसतं निळसर अंधारलेलं चित्र, मग तेही नाही.

मामा दुरुस्तीवाल्याकडे गेले, भंगारवाल्यांच्या राशी उपसल्या. सात महिने. ज्या घरांना लाल प्लेअर घ्यायला लावला होता त्यांच्या दारात उभं राहून, मान खाली घालून विचारलं, "टाकून दिला का हो?" सगळ्यांनी टाकून दिला होता. शेवटी दूरच्या गावात एका शाळेच्या अडगळीत एक मिळाला, खोक्यातून न काढलेला. मामा तो मांडीवर घेऊन सहा तासांचा प्रवास करून आले. घरी लावला. कारखान्यातून छापून आलेल्या सिनेमाची लाल डिस्क घातली, झकास चालली. अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि सरसावून बसल्या.

मग आपली डिस्क घातली. प्लेअरने ती आत घेतली, घरघरला आणि बाहेर ढकलली. पुन्हा घातली, पुन्हा ढकलली.

दुरुस्तीवाल्याने डिस्क उजेडात धरून तिरकी करून पाहिली. "प्लेअरमधे काही नाही मामा. छापील डिस्कला धाड भरत नाही, पण ही घरी उतरवलेली. हिच्यावर रंगाचा थर असतो, तो उडालाय. त्या सुरुवातीच्या डिस्क तशाच होत्या. आता कुठलंही यंत्र आणा."

"तीन वर्षांपूर्वी आणली असती तर?"

"तेव्हा निघाली असती."

मामा तिथून परस्पर बँकेतल्या कारकुनाच्या घरी गेले. त्याने समारंभाची कॅसेट आणि ती बघायचं यंत्र दोन्ही जपून ठेवलं होतं. कुणीतरी बघायला मागतंय याचा त्याला केवढा आनंद. मामांनी एक तास दहा मिनिटांचं भाषण शेवटपर्यंत पाहिलं, मधे कुठेतरी, शेवटी कुठेतरी एखादा तुकडा उरला असेल म्हणून. चाक दिसेल, हात दिसेल. शेवटपर्यंत कारकूनच होता. मामांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. कारकून हळूच म्हणाला, "बोललो होतो खरा मी मनापासून. पण तुम्हाला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं."

परत येताना चष्मेवाल्याच्या पायरीवर मामा बसले. रस्ता ओलांडून आलेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. चष्मेवाल्याने पाणी दिलं. ते पिऊन मामा म्हणाले, "पण पाटी खोटी नव्हती हो. चाळीस दिवस. लोक लालसमोरच थांबत होते."

समोर मामांचंच दुकान दिसत होतं. भर दुपार होती. डाव्या काचेसमोर सात-आठ माणसं दाटीवाटीने उभी होती. काच रिकामी होती. टीव्ही कधीच काढले होते. चष्मेवाला बघत राहिला, आणि मामांनीही मान वर करून पाहिलं. चपलांच्या दुकानाचं छप्पर डावीकडे पुढे आलेलं, त्याची सावली डाव्या काचेपुढे पडलेली. उजवीकडे रखरखीत ऊन. बस आली. माणसं चढली. सावली रिकामी झाली.

इतकी वर्षं मामा त्या काचेच्या आतून बाहेर बघत होते. बाहेरून आत त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

अक्कांना मग सगळं सांगितलं. टोपलीचं, कारकुनाचं, चष्मेवाल्याने तीनदा विचारल्याचं. अक्का रागावल्या नाहीत. "तू काय मुद्दाम केलंस," एवढंच म्हणाल्या, आणि तांदूळ निवडायला घेतले.

पण दुपार झाली की त्या अजूनही टीव्हीसमोर पाट घेऊन बसतात. टीव्ही लावत नाहीत. "बस रे बाळ," म्हणतात, आणि मामांना बसावं लागतं. मग अक्का पहिल्यापासून सांगतात. सायकल उलटी. चेन. वर बघतो. पुरे की आता. आधी आधी शब्दाला शब्द बरोबर असायचा. परवा सांगता सांगता अक्का म्हणाल्या, "आणि हिरव्या स्वेटरला हात पुसतो."

मामा दचकले. स्वेटर निळा होता. मग वाटलं, निळाच होता ना? स्वेटर केव्हाच कुणाला तरी देऊन टाकलेला. फोटो एकच, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, काळापांढरा.

"हिरवाच ना रे?" अक्कांनी विचारलं.

मामांनी कपाटातून लाल डबी काढली, उघडली. डिस्क तशीच चकचकीत होती, त्यात मामांचं स्वतःचं तोंड दिसत होतं. त्यांनी ती पुन्हा डबीत ठेवली.

"हिरवाच," मामा म्हणाले.

अक्कांनी मान हलवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.