घरची चांदी

माझ्या टेबलावर धातूचं जे काही असेल, चमचा, पट्टी, टाइपरायटरची सुटी कळ, ते उचलून आमचे चांदीवाले कानाशी नेत आणि टिचकी मारत. मग मान हलवून म्हणत, "खोटं हाय, भाऊ." महाल भागात माझी टायपिंगची खोली होती आणि समोरच्या बोळात त्यांची भट्टी. त्यांना खऱ्याचं वेडच होतं म्हणा ना.

त्यांचं काम तुम्ही पाहिलं नसेल. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये चांदीचे बारीक ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. ते जळले की पंप बंद. कंपनीचे पॉइंट महिनोन्महिने येत नसत. मग नरखेडकडचे संत्रावाले एसटीनं, स्टार्टर मांडीवर घेऊन, यांच्याकडे नवे पॉइंट घडवून घ्यायला येत. भर उन्हाळ्यात पाणी तुटलं तर झाडावरची कोवळी संत्री गळून पडत.

पण बाजारातली चांदी भेसळीची, तिचे पॉइंट आठवड्यात जळत. शुद्ध चांदी परदेशातून यायची आणि ती आणायची मुभा मोजक्यांनाच. म्हणून दरवर्षी सरकारचे नवे नियम निघाले की ते येऊन म्हणत, "टाकू एक अर्ज, भाऊ." मी इंग्रजीत टाइप करी, ते मराठीत सही करत. उत्तर ठरलेलं असे: ज्यांनी पूर्वी चांदी आयात केली आहे, त्यांनाच परवाना मिळेल.

"मंग त्यायनं पहिल्यांदा कशी आणली?" ते विचारत. मग ते पत्रालाच टिचकी मारून ऐकत आणि आम्ही दोघं हसत असू.

पाचव्या वर्षी उत्तराऐवजी सवाल आला. परवान्याशिवाय काम चाललं कसं, चांदी कुठून आणली, खुलासा करा. ते बाकावर बसले आणि म्हणाले,

"लिहा, घरची हाय."

त्यांच्या वडिलांच्या वेळची शिल्लक असेल असं धरून मी तसं टाइप केलं. मी मूर्ख. एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? महिन्याभरात उत्तर आलं: अर्जदाराजवळ स्वतःची चांदी असल्याने त्यास परवान्याची गरज दिसत नाही. मी ते वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यांनी टिचकी मारली नाही.

नंतरच्या उन्हाळ्यात ते संत्रावाल्यांना परत पाठवू लागले. एक म्हातारा रडकुंडीला येऊन म्हणाला, भेसळीची तर भेसळीची, पण बसवून द्या, झाडं हातची चालली. ते त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "माह्या हातून नाही होत." आणि दुसऱ्याच आठवड्यात, न पेटवलेल्या भट्टीपुढे बसल्या जागी ते कोसळले ते उठलेच नाहीत. तेव्हाही ओट्यावर दोघं जण स्टार्टर घेऊन ताटकळत होते.

मी त्यांच्या घराच्या दाराशी उभा होतो. रिवाजाप्रमाणे बायका त्यांच्या पत्नीच्या, वहिनींच्या, पायांतली जोडवी उतरवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. बोटं मोकळी होती. त्यांवर नुसते जुने वळ होते.

"शोधू नोका वं," वहिनी म्हणाल्या. "पैंजण, वाळे पहिलेच गेले. जोडवे मागच्या उन्हाळ्यात भट्टीत देल्ले म्या. त्यायनंच घडवले होते. खोटं नव्हतं त्यात काही."