बेस्तरवारची पाळी

आमच्या रंगनाथला "ओ स्टेशनमास्तर!" अशी हाक मारा, तो रागावत नाही. उलट हसतो. तसं हसायला मात्र त्याला बराच काळ लागला.

संगमनेरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पुण्याहून नाशिकला जाणारी वेगवान रेल्वे इथून जाणार म्हणून मोजणीवाले आले आणि रंगनाथच्या घरच्या मुरमाड माळावर खुणेचे दगड रोवून गेले. त्याच सुमारास त्याची आणि धाकट्या गोरखची वाटणी निघाली. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. रंगनाथनं ती रीतच मोडली. वाटेही त्यानंच पाडले, आधी उचललंही त्यानंच. आणि उचललं काय, तर तो माळ!

पंच म्हणून मी समोरच बसलो होतो. विहिरीखालची काळी जमीन गोरखकडे गेली. "अरे, विहिरीवर बेस्तरवारची, गुरुवारची, पाळी तरी ठेव स्वतःला," मी म्हणालो.

"रेल्वेला काय पानी पाजायचंय व्हय?" रंगनाथ म्हणाला.

"दादा म्हनंल तसं," एवढंच गोरख बोलला. सरकारी मोबदल्यावर डोळा ठेवून थोरला धाकट्याला गंडवतोय हे मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, त्याचा भयंकर राग आला होता.

पुढं सुरू झाली सरकारची तऱ्हा. खर्चातला किती वाटा केंद्रानं उचलायचा, किती राज्यानं, उरलेल्याचं कर्ज कोण काढणार. दर अर्थसंकल्पाला रंगनाथ टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा. तत्त्वतः मंजुरी, निधीची तरतूद, सुधारित आराखडा, असले शब्द त्याला आरतीसारखे पाठ झाले. सोयरीक जमावी आणि मांडवाचा खर्च कुणाचा यावर व्याह्यांनी अडून बसावं, तसं चाललं होतं. शेवटी मार्गच बदलला. गाडी दुसरीकडून जाणार म्हणे. माळावर दगड तेवढे राहिले.

गावानं त्याला स्टेशनमास्तर केलं ते तेव्हाच. माळावर डाळिंब लावावं म्हटलं तर पाणी हवं, आणि पाणी त्यानं आपल्याच तोंडानं सोडलेलं. बायको कडूबाई रोज टोचायची, "भावाकडं जायला काय तिकीट लागतंय का?" पण ज्याचा हक्क हिसकावून घेतला त्याच्यापुढं हात कोणत्या तोंडानं पसरायचा? दोन उन्हाळे माळ तसाच तापत पडला.

मग एका सकाळी मला सोबतीला घेऊन तो विहिरीवर गेला. गोरख बांधावर बसलेला, मोटर बंद. दिवस गुरुवारचा. गोरख गुरुवारी मोटर लावत नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. कांद्यानं माना टाकल्या तरी तो बटणाला हात लावत नसे. साईबाबांचा वार पाळतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

रंगनाथ चाचरत म्हणाला, "गोरख, बेस्तरवारी तू देवाचं पाळतोस. तवा त्या दिसाचं पानी मला दिलंस तर..."

"कुठल्या देवाचं, दादा?" गोरख म्हणाला. "तुजीच पाळी हाय ती. आज ना उद्या येशील म्हनून म्या ठिवली हुती."

रंगनाथ मटकन खाली बसला आणि टोपी तोंडाला लावून पोरासारखा रडला. माझेही डोळे भरून आले, उगाच खोटं कशाला बोलू.

आता माळावर डाळिंब धरलंय. परवा बातमी आली, जुन्या मार्गाचा म्हणे सरकार फेरविचार करणार. मी धापा टाकत सांगायला गेलो. रंगनाथ चिखलात अनवाणी उभा राहून खोऱ्यानं पाणी एका सरीतून दुसरीत वळवत होता. आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात.

"यिऊ दे की रेल्वे," तो मान वर न करताच म्हणाला. "फकस्त मोजनीला बेस्तरवारी येऊ नका म्हनावं. त्या दिशी मी दारं धरतो, आन गोरख माजी भाकरी घिऊन येतो."