पाटीचा उजवा हात

ज्याच्यामुळे माझं लायसन कोरं राहिलं तो भंडाऱ्यात पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. शहापूरहून रोज सायकलनं यायचा. हँडलला रंगाचे दोन डबे, मागे कॅरिअरला फडक्यात गुंडाळलेले ब्रश. नाव लिहीत नाही. लिहिलेलं त्याला आवडणार नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली, पण स्वतःचं नाव पाटीच्या कोपऱ्यातही त्यानं कधी टाकलं नाही. त्याचं आधी सांगून टाकलं, कारण पुढं मी माझंच रडगाणं लावीन आणि तो मागे पडेल, अशी धास्ती वाटते.

आता मी गुजरातेत एका कारखान्याचा ट्रक चालवतो. इथले लोक चांगले आहेत, पगार वेळेवर होतो. पण पोह्यावर तर्री मागितली तर माणूस तोंडाकडे पाहतो. आणि हिवाळा लागला की मला उगीच चुकल्या-चुकल्यासारखं होतं. आमच्याकडे तेव्हा धान निघालेलं असतं, गावोगावी मंडईची जत्रा भरते, रात्रीच्या नाटकाचे पडदे बैलगाडीतून चाललेले दिसतात. इथं हिवाळा म्हणजे नुसती थंडी.

आमचं गाव आंधळगावच्या पुढं. शाळा सातवीत सुटली. कोणी सोडवली नाही. रोवणीच्या दिवसांत महिनाभर बांधीत होतो, चिखलात वाकून धान लावत. नंतर वर्गात जायची लाज वाटली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता ते राहूनच गेलं. अक्षरं येतात मला, पण एकेक करून येतात, संध्याकाळी बोडीवर पाणी प्यायला उतरणाऱ्या बैलांसारखी. कोणी घाई केली की सगळी मागे फिरतात.

लाखनीला एका राइस मिलमध्ये लागलो. आधी पोती उचलली, मग मिलचा टेम्पो धुता धुता चालवायला शिकलो. लायसन झालं तेव्हा मी ते आठ दिवस उशाखाली ठेवलं होतं. माझ्या फोटोवर सरकारी शिक्का होता. तसा कागद घरात दुसरा कुणाजवळ नव्हता. मालकानं स्टिअरिंग हातात दिलं, पण आधी बजावलं. मागच्या ड्रायव्हरच्या लायसनवर कोर्टाचे शेरे पडले होते आणि त्याच्यापायी मालकाला बरेच हेलपाटे झाले होते. "तुह्या लायसनवर एक जरी शेरा पडला," मालक म्हणाला, "तं चाबी इथंच ठेवजो अन् परत पोते उचलजो."

चार-सहा महिने बरे गेले. ब्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवा तांदूळ निघाला होता. वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यात शिरलं की भांड्यांच्या दुकानांतून ठोक्यांचा आवाज कानावर यायचा, आणि तो आला की मला वाटायचं, आपणही आता कामाचे झालो. त्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावर एका किराणा दुकानात पोती उतरवायची होती. रस्त्याच्या कडेला नवी कोरी पाटी लागलेली दिसली. मी गाडी थांबवून ती वाचली. 'येथून चौकापर्यंत वाहने उभी करू नयेत.' खाली लाल बाण. त्या रस्त्याला दोन्ही टोकांना चौक. बाण पाटीकडे तोंड करून उभ्या माणसाच्या डावीकडे. म्हणजे डावीकडं मनाई. मी टेम्पो पाटीच्या उजवीकडं नेऊन लावला आणि मनात म्हटलं, वाचता येतं आपल्याला.

सहावं पोतं खांद्यावर होतं तेव्हा हवालदार आले. त्यांना ठाण्यात जसं सांगितलं होतं, तसं त्यांनी केलं. मनाई उजव्या बाजूला होती. त्यांनी लायसन मागून ठेवून घेतलं, पावती फाडली, पुढच्या गुरुवारी कोर्टात यायला सांगितलं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "काहून रे, पाटी वाचता नाही येत का?"

झालं. बाण मी पाहिला होता, बोट दाखवून सांगता आलं असतं. पण त्या एका वाक्यानं मी परत सातवीतला झालो. वाटलं, आपणच चुकीचं वाचलं असेल. पोतं खांद्यावर तसंच ठेवून पावती घेतली.

लाखनीला आल्यावर मालकाला सांगितलं. तो रागावला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. गुरुवारपर्यंत बघू, म्हणाला. मिलमधले लोक सल्ला द्यायला कमी नव्हते. एक म्हणाला, कबूल होऊन जा, दंड भर, साहेब लोकांशी वाद नाही घालावं. दुसरा म्हणाला, कबूल झाला की शेरा पडला समज. तिसरा म्हणाला, पोते उचलायची सवय सुटली असंन तं आतापासून धर. सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी एसटीनं भंडाऱ्याला गेलो आणि पाटीपुढं उभा राहिलो. एकेक अक्षर बोटानं वाचलं. बाणाकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. जेवायचा हात उजवा. बाण त्याच्या उलट. तरी खात्री होईना. समोरच्या चहाच्या टपरीवरून एक माणूस मला बराच वेळ बघत होता. शेवटी कप ठेवून आला.

"का पाहून राहिले गा एवढं? पाटी आवडली का?"

अक्षरं सुरेख होती, तसं म्हटलं. मग काय झालं ते सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगायला सोपं जातं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्याच्या नखांत लाल रंग होता, तो मला तेव्हा दिसला.

"पाटी मी रंगवली," तो म्हणाला.

खिशातून त्यानं घडी पडलेला कागद काढला. पाट्यांच्या कामाचा लेखी हुकूम होता तो. 'फलकाच्या उजव्या बाजूस बाण दर्शवावा.' त्यानं कागद वाचला, पाटी पाहिली, आणि मग पाटीला पाठ लावून, माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात पसरले.

"हे पाह्य. मी पाटी. माह्या उजवा हात कोणता?"

त्याचा उजवा हात माझ्या डावीकडं होता.

हिवाळाभर तो नाटकांचे पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, नदीकाठ. त्या धंद्यात उजवं-डावं धरायचं ते स्टेजवर उभ्या नटाचं, समोर बसलेल्या पब्लिकचं नाही. उजवीकडे झाड काढ म्हटलं की नटाच्या उजवीकडं. वीस वर्षं हाताला तेच वळण. हुकुमात 'फलकाच्या उजव्या बाजूस' वाचलं, त्यानं फलकाला नट समजून त्याच्या उजव्या हाताला बाण मारला. लावणाऱ्यांनी पाटी लावली, कोणी उलटसुलट पाहिलं नाही.

त्याला अजून बऱ्याच पाट्या रंगवायच्या होत्या, पुऱ्या गावाच्या. ही चूक बाहेर पडली तर ते काम जाणार, हे मलाही कळत होतं. आणि एक डबा, एक ब्रश, दहा मिनिटं, एवढ्यात तो बाण फिरवू शकत होता. मग माझ्याजवळ पुरावा कोणता?

"तारीख कधीची हाय?" त्यानं विचारलं.

गुरुवार, म्हटलं.

"तोवर मी पाटीले हात नाही लावत. येतो मी गुरुवारी."

एवढंच बोलला आणि सायकल काढून गेला.

माझा विश्वास बसला नाही, हे कबूल करतो. मिलमध्ये सांगितलं तर म्हणाले, येडा झाला का बे, कोण आपल्या पोटावर पाय देईल? आजच्या आज बाण फिरवला असंन त्यानं. बुधवारी राहवेना. पुन्हा एसटीनं गेलो. टपरीमागून चोरासारखा डोकावलो. बाण होता तसाच होता. मला इतकं हलकं वाटलं की एक चहा पिऊन दुसरा मागवला. अशा माणसावर आपण पाळत ठेवायला आलो याची लाज नंतर वाटली, परतीच्या गाडीत.

गुरुवारी कोर्टात माझा पुकारा झाला तेव्हा तो आलेला नव्हता. दंड भरून सुटणाऱ्यांची रांग भराभर पुढे सरकत होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर न करता विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी 'नाही' म्हटलं. ते इतकं हळू निघालं की पुन्हा म्हणावं लागलं. आता त्यांनी मान वर केली. हवालदारांनी सांगितलं, पाटी स्पष्ट होती, याला वाचता येत नसावं.

"वाचता येतं का तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"येते जी. हळूहळू येते," मी म्हणालो. "पण बाण तं बाणच असते साहेब. तो डावीकडं होता."

मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. पेंटर दारातून वाट काढत येत होता, सदऱ्यावर पिवळ्या रंगाचे शिंतोडे. पाटी आपण रंगवली, बोलायची परवानगी द्या, म्हणाला. हुकुमाचा कागद पुढं ठेवला आणि समजावून सांगायला लागला. पण तोंडानं सांगता सांगता त्याचाच घोटाळा व्हायला लागला. शेवटी तो सरळ साहेबांकडं पाठ करून आमच्याकडं तोंड करून उभा राहिला आणि हात पसरले.

शिपाई धावला. कोर्टाला पाठ दाखवतो म्हणून दंडाला धरून फिरवायला लागला.

"राहू दे जी," पेंटर मान वळवून म्हणाला. "साहेब आता पाटीच्या मागं हायेत. तेथून त्यायले माह्या उजवा तो उजवाच दिसंन. घोटाळा तुमच्या बाजूनं हाय."

लोक हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी टाक खाली ठेवला. स्वतःचा उजवा हात किंचित वर करून पाहिला, मग त्याचा पाहिला. कागद पुन्हा वाचला. हवालदारांना विचारलं, बाण आज कुठल्या दिशेला आहे? हवालदार प्रामाणिक माणूस, म्हणाले, डावीकडेच आहे साहेब, आज येताना पाहिलं.

"मग चूक कोणाची?" साहेबांनी पेंटरला विचारलं.

"माही," तो म्हणाला.

माझं लायसन मला परत मिळालं. शेरा नाही, काही नाही. साहेबांनी त्यालाही दोषी धरलं नाही, पाटी आजच दुरुस्त करा एवढंच सांगितलं. आम्ही दोघं तिथून सरळ पाटीकडं गेलो. मी डबा धरला. त्यानं पांढरा रंग देऊन बाण पुसला, वाळेपर्यंत आम्ही पोहे खाल्ले, मग त्यानं नवा बाण काढला. काढताना तीनदा मला विचारलं, "बरोबर हाय ना गा?" त्या दिवसापर्यंत माझ्या वाचण्यावर कोणी विसंबलेलं नव्हतं.

बाकीच्या पाट्यांचं काम त्याच्याकडून गेलं. महिन्याभरानं मला कळलं. त्याला भेटून हळहळलो तर म्हणाला, पडदे हायेत ना, झाडं-जंगलं रंगवायले कोणाचा हुकूम नाही लागत. आणि दुसरंच काही बोलायला लागला.

त्या कोऱ्या लायसनवर मिलची नोकरी टिकली, पुढं इथली मिळाली. इकडं येताना घाईत निघालो, शहापूरला उतरलो नाही. ते मनात टोचतं. दोन पत्रं लिहायला घेतली, अक्षरं चांगली येईनात म्हणून फाडली. पत्राचं माझ्यानं होणार नाही. पण गाडी चालवता येते. एका साली मंडईच्या दिवसांत लांब सुटी काढून येईन, टेम्पो भाड्यानं घेईन, आणि पूर्ण हंगाम त्याचे पडदे गावोगावी मीच पोचवीन. यंदा नाही जमलं तर पुढच्या साली. पण पोचवीन.